स्कॅनर नंतर, यादी आधी : ग्रंथालय ओपन डेटाकडे नेताना पहिली पावलं

ग्रंथालयात नव्याने रुजू झालेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : "आम्हाला सगळं डिजिटल करायचंय, स्कॅनर कोणता घेऊ?" मी उलट विचारते, "तुमच्या संग्रहाची पूर्ण यादी आज एका फाइलमध्ये पाठवता येईल का?" बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. यादी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण बाहेर कशी काढायची ते ठाऊक नाही. किंवा जुनी पुस्तकं दाखल नोंदवहीत, नवी संगणकात, आणि नियतकालिकं कुठेच नाहीत.

हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. तुम्ही ग्रंथपाल असाल, सहायक असाल किंवा हौसेने मदतीला आलेले असाल, काम साधारण याच क्रमाने केलंत तर पुन्हा करावं लागणार नाही. क्रम उलटा केला तर काय होतं तेही पुढे सांगते, कारण ते मी स्वतः भोगलं आहे.

दोन शब्द, दोन वेगळ्या गोष्टी

"डिजिटल उपलब्धता" आणि "ओपन डेटा" हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. पुस्तक पडद्यावर वाचता आलं की ते डिजिटल झालं. पण ते उतरवून घेता येत नसेल, दुसरीकडे वापरता येत नसेल, खाली "सर्व हक्क राखीव" असेल, तर ते खुलं नाही. ओपन नॉलेज फाउंडेशनने २००५ मध्ये जी व्याख्या मांडली तिचा गाभा एवढाच आहे : कुणालाही, कोणत्याही कामासाठी वापरता यावं, बदलता यावं, पुढे वाटता यावं. अट घालायचीच झाली तर श्रेय द्या, किंवा पुढेही असंच खुलं ठेवा, इतकीच.

यातून एक मोठी सोय निघते आणि ती नवख्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडची एकूण एक पुस्तकं कॉपीराइटखाली असली, एकही पान स्कॅन करायची मुभा नसली, तरी त्या पुस्तकांची *यादी* तुम्ही खुली करू शकता. ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, विषय, दाखल क्रमांक ही माहिती तुमच्या ग्रंथालयाने तयार केलेली असते.

मोठ्या ग्रंथालयांनीही याद्या मोकळ्या केल्या. ब्रिटिश लायब्ररीने २०१० मध्ये आपल्या राष्ट्रीय ग्रंथसूचीतल्या सुमारे ३० लाख नोंदी खुल्या केल्या. हार्वर्डच्या ग्रंथालयांनी २०१२ मध्ये १ कोटी २० लाखांवर नोंदी दिल्या. त्याच वर्षी युरोपियानाने, म्हणजे युरोपातल्या संग्रहांच्या सामायिक साइटने, आपल्याकडचा सगळा मेटाडेटा (वस्तूंविषयीच्या नोंदी) हक्कमुक्त केला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ मध्ये अडीच कोटी नोंदी फुकट उतरवून घेण्यासाठी ठेवल्या. तोवर हा साठा हवा असेल तर पैसे मोजावे लागत.

पायरी १ : यादी बाहेर काढा आणि तिला हात लावू नका

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये "एक्स्पोर्ट" नावाची सोय शोधा. कोहा वापरत असाल तर ती आहेच. (कोहा हे न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेने करवून घेतलेलं खुलं सॉफ्टवेअर, २००० सालापासून वापरात आहे, माओरी भाषेत "कोहा" म्हणजे भेट.) शक्य असेल तर दोन रूपांत नोंदी काढा : एक मार्क, एक सीएसव्ही.

मार्क म्हणजे ग्रंथालयांची आपसातली बोली. १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी ती घडवली आणि आजही जगभर तीच चालते. सगळी शिकायची गरज नाही. २४५ म्हणजे ग्रंथनाम, १०० म्हणजे मुख्य लेखक, ०२० म्हणजे आयएसबीएन, २६० किंवा २६४ म्हणजे प्रकाशन, ६५० म्हणजे विषय. एवढं पाठ असलं तरी फाइल वाचता येते. सीएसव्ही ही बाकी सगळ्या जगाची बोली : साधा तक्ता, कुठेही उघडतो.

फाइल निघाली की तिची एक प्रत "मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवा आणि ती फक्त वाचण्यापुरती ठेवा. पुढची सगळी खटपट दुसऱ्या प्रतीवर. सॉफ्टवेअर पुरवणारा "नोंदी बाहेर देता येणार नाहीत" म्हणाला, तर करार काढून वाचा. नोंदी तुमच्या आहेत. नवं सॉफ्टवेअर घेताना "सर्व नोंदी प्रमाणित रूपात, कधीही, जादा शुल्काशिवाय काढता येतील" हे वाक्य करारात हवंच. या एका वाक्यासाठी सही अडवून धरावी लागली तरी चालेल, माझं मत इतकं ठाम आहे.

सीएसव्ही उघडल्यावर मराठीच्या जागी चौकोन किंवा विचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक अक्षरसंकेताच्या एका रूपात, असते आणि तक्त्याचा प्रोग्राम ती दुसरंच काही समजून उघडतो. "इम्पोर्ट" वाटेने जाऊन यूटीएफ-८ निवडा. पण अक्षरं रोमन दिसत असतील आणि विशिष्ट फॉन्ट लावल्यावरच मराठी होत असतील, तर त्या नोंदी युनिकोडपूर्व काळातल्या आहेत. त्या रूपांतरित कराव्या लागतील, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं माणसाने तपासावी लागतील. याला पळवाट नाही.

पायरी २ : साफसफाई (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

खुली करायच्या यादीत तुमच्या सगळ्या सवयी उघड्या पडतात. एकच लेखक पाच प्रकारे लिहिलेला : आडनाव आधी, आडनाव नंतर, आद्याक्षरांनंतर टिंब असलेला, नसलेला, आणि एकदा "डॉ." लावलेला. वर्षाच्या रकान्यात कुठे "१९७४", कुठे इंग्रजी आकड्यांत तेच, कुठे शके, कुठे "दुसरी आवृत्ती". पृष्ठांच्या रकान्यात किंमत.

मराठी नोंदींमध्ये याहून बारीक, डोळ्याला न दिसणारी अडचण असते. "दुसऱ्या" हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : एक "ऱ" हे स्वतंत्र अक्षर घेऊन, आणि एक साध्या "र"नंतर हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. तसंच "ॲ"चं : एका कळीने येणारं अखंड अक्षर वेगळं, आणि "अ"वर चंद्र देऊन केलेलं वेगळं. "ॲरिस्टॉटल" शोधणाऱ्या वाचकाला निम्मी पुस्तकं सापडत नाहीत आणि तो "तुमच्याकडे नाही वाटतं" म्हणून निघून जातो. पुस्तक मात्र कपाटात असतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया) चालवूनही ही रूपं एक होत नाहीत; ती शोधून बदलण्याचा नियम आपणच लिहावा लागतो.

या कामासाठी ओपनरिफाइन हे फुकट साधन शिकून घ्या. एका दुपारी जमतं. रकाना निवडून "क्लस्टर" म्हटलं की ते सारख्या वाटणाऱ्या नोंदींचे गट करून समोर ठेवतं, आणि एकत्र करायच्या की नाही ते तुम्ही ठरवता. ठरवायचं तुम्हीच, हे विसरू नका. एकाच नावाचे दोन लेखक असतात. आजोबा आणि नातू एकाच आद्याक्षरांनी लिहितात. शंका आली की कपाटाशी जा, पुस्तक काढा, मुखपृष्ठाच्या मागचं पान बघा.

आणखी एक रकाना वाढवा : लेखकाचा ओळख क्रमांक. व्हिआफ ही अनेक राष्ट्रीय ग्रंथालयांच्या लेखक-याद्या जोडणारी सूची आहे. विकिडेटामध्ये प्रत्येक व्यक्तीला क्यू-क्रमांक असतो. नाव कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीने लिहिलेलं असो, क्रमांक एकच राहतो. सगळ्या लेखकांना एकदम क्रमांक देत बसू नका. ज्यांची पुस्तकं तुमच्याकडे सर्वाधिक आहेत अशा शंभरांपासून सुरू करा.

केलेल्या बदलांची नोंद ठेवा, साध्या शब्दांत : कोणत्या तारखेला, कोणत्या रकान्यात, काय बदललं. सहा महिन्यांनी तुमच्या जागी येणारी व्यक्ती ती वही बघून तुमचे आभार मानेल.

पायरी ३ : हक्क नीट लिहा

हक्कांचे दोन थर असतात. नोंदीचे हक्क वेगळे, पुस्तकाचे वेगळे.

नोंदींसाठी माझी शिफारस सरळ आहे : सीसी झीरो. २००९ पासून असलेल्या या घोषणेने तुम्ही आपले हक्क सोडून देता. "निदान श्रेय तरी मागू" असं मन म्हणतं, मलाही वाटलं होतं. पण चाळीस ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र करून कुणी संयुक्त सूची बनवत असेल, तर प्रत्येक ओळीला चाळीस श्रेयं कशी लावायची? श्रेय विनंती म्हणून मागा, अट म्हणून नको. एकच खबरदारी : काही नोंदी तुम्ही एखाद्या विकतच्या सेवेतून घेतल्या असतील तर त्या पुढे वाटायला करार मुभा देतो का ते आधी बघा. देत नसेल तर त्या वगळून बाकीच्या खुल्या करा.

पुस्तकांचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं राहतो. अनेक देशांत ही मुदत ६० किंवा ७० वर्षांची आहे. तुमच्या देशाची मुदत कायद्यातून बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि "लेखक" म्हटलं की एकट्या मूळ लेखकाचा विचार करू नका. अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो, चित्रकाराचा असतो, प्रस्तावना लिहिणाऱ्याचाही असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथाच्या परवाच्या आवृत्तीत नवी टीपा-प्रस्तावना असेल, तर ती आवृत्ती जशीच्या तशी चढवता येत नाही. जुनी आवृत्ती शोधा.

प्रत्येक डिजिटल वस्तूवर तिची हक्कस्थिती लिहिलेली हवी. त्यासाठी राइट्स-स्टेटमेंट्स-डॉट-ऑर्ग या उपक्रमाने २०१६ मध्ये १२ तयार विधानं दिली आहेत : कॉपीराइटखाली आहे, कॉपीराइट नाही, हक्कधारक सापडत नाही, स्थिती तपासलेली नाही, वगैरे. "तपासलेली नाही" हेही प्रामाणिक उत्तर आहे आणि ते काहीच न लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं.

पब्लिक डोमेनमधल्या, म्हणजे कॉपीराइट नसलेल्या, पुस्तकाचं स्कॅन केलं म्हणून त्यावर आपला शिक्का आणि "परवानगीशिवाय वापरू नये" असं लिहिणारी ग्रंथालयं मी पाहिली आहेत. तसं करू नका, मनापासून सांगते. जे पुस्तक कायद्याने सगळ्यांचं झालं आहे त्याला आपण पुन्हा कुंपण घालायचं नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने जानेवारी २०१६ मध्ये १ लाख ८० हजारांवर पब्लिक डोमेन वस्तू मोठ्या आकारात, परवानगी न मागता वापरण्यासाठी दिल्या. तो नमुना डोळ्यांपुढे ठेवा.

"आमच्याकडे छापील प्रत आहे, मग तिचं स्कॅन एका वेळी एकाच वाचकाला उसनं दिलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न नेहमी येतो. इंटरनेट आर्काइव्हने हाच मार्ग धरला होता. प्रकाशकांनी २०२० मध्ये दावा लावला, २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. हा अमेरिकेतला निकाल आहे, पण छोट्या ग्रंथालयाने या वाटेला वकिलाच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये.

उलट एक दार उघडं आहे आणि फार थोडी ग्रंथालयं ते वापरतात. २०१३ चा मराकेश करार दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी, हक्कधारकाची परवानगी न घेता, वाचनीय रूपातली प्रत करायला आणि देशांच्या सीमेपलीकडे पाठवायला वाट देतो. तो ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आहे. तुमच्या देशाने तो स्वीकारला असेल तर कायद्यात त्याची तरतूद काय आहे ते शोधा. एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेआधी त्याचं पुस्तक ऐकता आलं, तर बाकी सगळं काम बाजूला ठेवण्याइतकं ते मोलाचं आहे.

पायरी ४ : आता स्कॅनर

सुरू करण्याआधी एक शोध घ्या : हे पुस्तक कुणी आधीच केलं आहे का? इंटरनेट आर्काइव्ह, हाथीट्रस्ट, गूगल बुक्स आणि तुमच्या भाषेतले संग्रह बघा. दोन्ही लिप्यांत बघा, वेगवेगळ्या लेखनांनी बघा. आम्ही एका जुन्या मासिकाचे अंक स्कॅन करायला घेतले होते. अकरा खंड झाल्यावर एका वाचकाने दाखवून दिलं, की हे सगळे खंड एका खुल्या संग्रहात केव्हाचे आहेत. नाव रोमन लिपीत, तेही अर्धवट स्पेलिंगने लिहिलेलं. आम्ही देवनागरीत शोधलं होतं. कुणाचंच काम वाईट नव्हतं, नोंद तेवढी कच्ची होती. त्या अकरा खंडांचे तास परत मिळाले नाहीत. त्यानंतर मी यादी झाल्याशिवाय स्कॅनरला हात लावू देत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. छापील मजकुराला ३०० ते ४०० पीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरेसं आहे. मूळ प्रत टिफ या चित्रप्रकारात ठेवा, वाचकांसाठी हलकी पीडीएफ करा. जागेचा हिशेब आधी मांडा : ए४ आकाराचं एक रंगीत पान ४०० पीपीआयला न दाबता ठेवलं तर सुमारे ४६ एमबी होतं, म्हणजे ३०० पानांचं पुस्तक जवळपास १४ जीबी. वाचकाकडे मात्र यातलं काही जाता कामा नये. साध्या फोनवर, तुटक्या नेटवर्कवर उघडेल अशी पीडीएफ द्या. दोनशे एमबीची फाइल चढवली तर "उपलब्ध आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

पुस्तक सपाट दाबू नका. पाठीचा कणा मोडतो, विशेषतः जुन्या शिवणीचा. वरून छायाचित्र घेणारा, व्ही आकाराच्या पाळण्याचा स्कॅनर किंवा चांगला कॅमेरा आणि दोन दिवे हे घडी न मोडता काम करतात. पहिली दहा पुस्तकं सराव म्हणून धरा आणि त्यांचं प्रत्येक पान तपासा. सुटलेली पानं, कापलेल्या कडा, स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, हे सगळं याच दहांत कळतं.

फाइलचं नाव दाखल क्रमांकापासून सुरू करा : दाखल क्रमांक, मग पान क्रमांक, चार आकडी. "स्कॅन१", "नवीन", "फायनल २" अशी नावं पहिल्या दिवसापासून बंद. दाखल क्रमांक हा धागा आहे; कपाट, नोंद आणि फाइल त्याच्याने बांधलेली राहतात.

मग ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर शोधता येईल असा करणं. टेसरॅक्ट हे फुकट साधन मराठी वाचतं. स्वच्छ छपाई असेल तर शोधण्यापुरतं काम चांगलं होतं. शिळाप्रेसची पानं, फिकट शाई, तुटकी जोडाक्षरं आली की चुका वाढतात. पानावर स्पष्ट लिहा : "हा मजकूर यंत्राने वाचलेला आहे, तपासलेला नाही." तपासायला माणसं मिळत असतील तर विकिस्रोतची पान-पान पडताळण्याची पद्धत उत्तम आहे.

पायरी ५ : ठेवायचं कुठे

स्वतःचा सर्व्हर हवाच असं नाही. यादीची सीएसव्ही झेनोडोसारख्या ठिकाणी ठेवता येते. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे आणि प्रत्येक ठेवीला डीओआय, म्हणजे न बदलणारा ओळखपत्ता, देते. तांत्रिक हात असेल तर डीस्पेस किंवा ओमेका यांपैकी एखादं डिजिटल संग्रहाचं खुलं सॉफ्टवेअर उभं करा.

कुठेही ठेवा, तीन गोष्टी पाळा. एक, पत्ता बदलू नका. वेबसाइट नवी केली आणि सगळ्या जुन्या लिंक मेल्या, हा ग्रंथालयांचा जुना आजार आहे. डीओआय, हँडल किंवा आर्क यांसारखा कायमचा ओळखपत्ता त्यासाठीच असतो. दोन, सोबत एक पानभर माहिती द्या : यात काय आहे, काय नाही, रकान्यांचे अर्थ, परवाना, तारीख, चूक कळवायचा पत्ता. तीन, नोंदी इतर यंत्रांना उचलता येतील असं बघा. त्यासाठी ओएआय-पीएमएच नावाचा २००१ पासूनचा संकेत आहे. त्यात विनंत्या सहाच प्रकारच्या : तू कोण, कोणत्या रूपात देतोस, कोणते गट आहेत, ओळखक्रमांक दे, सगळ्या नोंदी दे, ही एक नोंद दे. उत्तर किमान डब्लिन कोअरमध्ये द्यायचं, म्हणजे शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, हक्क असे १५ घटक. डीस्पेसमध्ये ही सोय तयार असते; चालू आहे ना तेवढं बघायचं. लिंक्ड डेटा, बिबफ्रेम हे शब्द कानावर येतील. वर्षभर तरी त्यांच्या मागे लागू नका.

हल्ली डिजिटल संग्रहांवर यंत्रांच्या झुंडी येतात, पान-पान खेचतात आणि साइट मंदावते. सगळ्या नोंदींची एकच मोठी फाइल दर महिन्याला ठळकपणे ठेवली, तर सरळ वागणाऱ्यांना पानं खरवडायची गरज राहत नाही. बाकीच्यांना वेगमर्यादा लावा, पण ती माणसांना आडवी येत नाही ना ते फोनवरून स्वतः वापरून बघा.

पायरी ६ : काय कधीही खुलं करायचं नाही

देवघेवीची नोंद. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कधी नेलं, ही माहिती वाचकाची आहे आणि ती ग्रंथालयाच्या भिंतीबाहेर जाता कामा नये. नुसतं नाव खोडून भागत नाही. छोट्या ग्रंथालयात "वय, भाग, पुस्तक, तारीख" एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. एखादीने गर्भपातावरचं, कर्जबाजारीपणावरचं, घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक नेलं, तर ते तिच्या शेजाऱ्यांना कळण्याचं काहीच कारण नाही.

वापराचे आकडे द्यायचेच असतील तर सिॲटल पब्लिक लायब्ररीची पद्धत बघा. एप्रिल २००५ पासून कोणतं शीर्षक कोणत्या महिन्यात किती वेळा गेलं, एवढंच त्या खुल्या तक्त्यात आहे. वाचकाचा मागमूस नाही. आणि पुस्तक परत आल्यावर वाचकाशी असलेली जोडणी पुसून टाकण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर चालू करा. जे साठवलेलंच नाही ते चोरीलाही जात नाही.

पायरी ७ : प्रती

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. सुमारे ६०० जीबी माहिती बाहेर पडली, आणि मुख्य सूची मर्यादित रूपात परत यायला जानेवारी २०२४ उजाडलं. पुस्तकं जागेवर होती, पण कोणतं कुठे आहे ते सांगणारी यादीच बंद होती.

तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत आणि जाळ्यापासून तोडलेली. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिचा बोटाचा ठसा, एका तक्त्यात लिहा आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडून बघा. जुळला नाही तर फाइल आतून सडली आहे. चांगल्या प्रतीवरून बदला. आणि वर्षातून एकदा प्रतीवरून खरोखर सगळं उभं करून बघा. न उघडणारी बॅकअप डिस्क हातात घेऊन उभं राहण्याची वेळ माझ्यावर आली आहे. त्या दिवशी दोन वर्षांची छायाचित्रं गेली.

स्टॅनफर्डमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या लॉक्स या डिजिटल जतनाच्या प्रकल्पाचं नावच "भरपूर प्रती वस्तू सुरक्षित ठेवतात" या वाक्याचं लघुरूप आहे. खुल्या यादीचा इथे आणखी एक फायदा होतो : ती जितक्या लोकांनी उतरवून घेतली, तितक्या जागी ती सुरक्षित असते.

संशोधन संस्थेत असाल तर

तुमच्याकडे पुस्तकांसोबत संशोधकांचा डेटा येईल : मोजमापं, मुलाखती, नकाशे. इथे २०१६ मध्ये मांडलेली फेअर तत्त्वं वापरतात : डेटा सापडावा, मिळावा, इतरांशी जुळावा, पुन्हा वापरता यावा. फेअर म्हणजे खुला असं नव्हे. रुग्णांच्या मुलाखती बंदच राहतील; पण त्या आहेत, कोणाकडे आहेत आणि कोणत्या अटींवर बघता येतील, ही नोंद खुली असू शकते. विषयाला साजेशी साठवणूक री३डेटा या सूचीत शोधा. आणि संशोधकाला प्रकल्पाच्या शेवटी गाठू नका. सुरुवातीला, रकान्यांना नावं देत असतानाच त्याच्या शेजारी जाऊन बसा.

चूक कळवा

प्रत्येक नोंदीखाली "यात चूक आहे" अशी एक लिंक ठेवा, आणि तिथून येणारी पत्रं रोज कुणीतरी एकाने वाचायची हे ठरवून टाका. सुरुवातीला आठवडाभर काहीच येत नाही. मग एखाद्या दिवशी येतं. आम्हाला आलेल्या पहिल्या पत्रांपैकी एक होतं एका निवृत्त शिक्षिकेचं : एका गाण्यांच्या संग्रहात आम्ही संपादकाचं नाव लेखक म्हणून लावलं होतं, आणि गाणी जिने सांगितली त्या बाईंचं नाव कुठेच नव्हतं. आम्ही पुस्तक काढलं. नाव आतल्या तिसऱ्या पानावर, बारीक टायपात होतं. नोंदीत घातलं, बदलाच्या वहीत लिहिलं, महिनाअखेरीच्या फाइलमध्ये ते गेलं. आमच्या नोंदी उचलणाऱ्या एका संयुक्त सूचीत पुढच्या फेरीला तेच नाव आपोआप दिसू लागलं. मी त्या शिक्षिकेला दोन्ही लिंक पाठवल्या.